मानमोडीच्या सालातली दिवाळी

मागच्या दसऱ्याला शेजारची कुसुम आमच्या उंबऱ्यावर येऊन बसली आणि रडायला लागली. तिचा नवरा तीन महिन्यांपासून अंथरुणाला खिळलेला. सकाळपासून गल्लीभर पुरणाचा वास, पोरीबाळी नव्या कपड्यांत, आणि ही बाई त्याची घाणीची फडकी नदीवरून धुऊन आलेली. म्हणाली, "आजी, मला त्येंचा राग येतोय. आजारी माणसाचा राग. मी राक्षसीण हाय का वं?"

मी म्हटलं, "न्हाईस." पण तेवढ्यानं तिचं समाधान झालं नाही, हे तिच्या तोंडावर दिसत होतं. म्हणून हे सांगायला बसले. मला लिहिता येत नाही. मी सांगते आणि माझी नातसून लिहिते. ती शाळेत शिकवते. ती माझी भाषा सुधारते, मी ती पुन्हा बिघडवते, आणि त्या भांडणातून जे उरलंय ते इथं उतरलंय.

यात औषध सापडणार नाही. सणाच्या दिवसांत आजाऱ्याजवळ बसलेल्या बाईचं काय होतं, एवढंच मला ठाऊक आहे. त्यातलं काही मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही.

आमचं घर

आमचं गाव गोदाकाठी, गेवराईपासून दोन कोसांवर. तेव्हा निजामाचं राज्य होतं. गावात कुंभाराचं घर एकच, आमचं. घरात माणसं चार. माझे मालक किसन, त्यांची आई कोंडाबाई, जिला मी आत्याबाई म्हणायचे, मी भागीरथी, आणि आमची सगुणा, चार वर्षांची. मला तेव्हा विसावं लागलं असेल. सासरे माझ्या लग्नाआधीच गेले होते.

गावाला लागेल ते मडकं आम्ही द्यायचं आणि सुगीला खळ्याखळ्यावरून धान्य आणायचं, अशी रीत होती. लग्न असो, सण असो, मयत असो, कुंभाराच्या दारी यावंच लागतं. भादवा सरत आला की आमच्याकडे पाठ टेकायला सवड नसायची. आधी नवरात्राचे घट, मग दिवाळीच्या पणत्या. माती मी तुडवायची, त्यात राख आणि लीद मी मिसळायची, ओली भांडी उन्हात मी मांडायची. चाकावर बसायचे ते मालक. बाईनं चाकाला हात लावायचा नाही, हे लग्नाच्या तिसऱ्या दिवशी आत्याबाईंनी मला बजावलं होतं. त्याच्याही आधी माझ्या आईनं बजावलं होतं.

त्या साली पाऊस पडलाच नाही म्हटलं तरी चालेल. ज्वारी वीतभर वाढून जळाली. लोक अर्धपोटी होते, त्यात तो ताप आला. पुढं लोक त्याला मानमोडी म्हणायला लागले आणि ते सालही त्याच नावानं ओळखलं जाऊ लागलं.

कळलं तो दिवस

सर्वपित्रीच्या चार-पाच दिवस आधी मालक गाढवावर मडकी लादून गेवराईच्या बाजाराला गेले. संध्याकाळपर्यंत यायचे ते दुपारीच आले. मडकी जशीच्या तशी. गाढव पुढं आणि हे मागं, मान एका अंगाला धरून, जणू डोकं खांद्यावरून खाली पडेल.

"काय झालं वं?"

"मान मोडल्यावानी झालीय. बाजारात माणूसच न्हाई, भागे. दुकानं बंद. लोकं बसल्या जागी आडवी व्हायलीत."

मडकी उतरवायला ते थांबले नाहीत. आत जाऊन भुईवरच पडले. दिवेलागणीला मी कपाळाला हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागं घेतला. सकाळी नाकातून रक्त आलं.

सगूला आत्याबाईंजवळ ठेवून मी गेवराईला चालत गेले. सरकारी दवाखान्यापुढं माणसं उभी नव्हती, झाडाखाली ओळीनं पडली होती. हकीमसाहेब म्हातारे होते. तोंडाला फडकं बांधलेलं, डोळे लालबुंद. माझं अर्धं ऐकूनच त्यांनी हात वर केला.

"पानी उबालके पिलाव. पेज पिलाव. बिस्तर से उठने मत देव. बुखार उतरा तो बी आठ रोज नक्को उठने देव. उठा तो गया. समझी?"

"अन् दवा?"

"दवा खतम है, बेटी. बुखार जाने के बाद दूध देव. दूध मिला तो बचता."

मी पाया पडायला वाकले तर ते मागं सरले. मला वाटलं, हलकी जात म्हणून. त्यांनी नुसतं माझ्या पदराकडं बोट केलं आणि आपलं फडकं नाकावर ओढून दाखवलं. पुढच्याच आठवड्यात ऐकलं की हकीमसाहेब गेले. त्या महिन्यात माझ्याशी माणसासारखं बोललेलं ते पहिलं माणूस.

घटस्थापना

कुसुम, दिवस कसे जातात ते तुला सांगायला नको. पाणी उकळायचं, चमच्यानं घशात सोडायचं, अर्धं गळ्यावर ओघळतं ते पुसायचं. थुंकीवर राख टाकायची. कूस बदलायची. श्वास चाललाय का म्हणून छातीकडं बघत राहायचं. आणि मधूनच आपल्याच मनात येतं, की एकदाचं काय ते होऊन जाऊ दे. येतं, आणि आपण ते ऐकलंच नाही असं करून पुन्हा पाणी उकळायला जातो.

सर्वपित्रीला पाटलांचा गडी दारात आला. आत आला नाही, रस्त्यावरूनच ओरडला.

"पाटलीणबाईनं विचारलंय, घट कवा येणार? उद्या बसवायचाय."

"मालक पडलेत. भट्टी लागली न्हाई अजून."

"मग? देव थांबतोय का तुमच्यासाठी?"

कच्चे घट वाळून तयार होते, नुसते भाजायचे होते. मी एकटीनं गोवऱ्या रचल्या, घट लावले, वरून खापऱ्या आणि राख पसरली, आणि विस्तव घातला. मालकांचा ताप त्या दिवशी उतरला होता. धुराचा वास गेला आणि ते भिंतीला धरून उठून आले.

"आच कमी हाय एका अंगाला," म्हणाले, आणि वाकून स्वतः दोन गोवऱ्या सरकवल्या.

हकीमसाहेबांनी काय सांगितलं होतं ते मला आठवत होतं. मी त्यांना ढकलून आत न्यायला हवं होतं. नेलं नाही. किती दिवसांनी माझ्या शेजारी दुसरं कुणीतरी उभं होतं, मला बरं वाटलं. मी म्हटलं, "तिकडून बी बघा जरा." ते तिकडून बघायला गेले.

संध्याकाळी ताप परत चढला आणि खोकल्यातून रक्त पडलं. तिथून पुढचे वीस-पंचवीस दिवस ते कधी शुद्धीत, कधी नाही.

दुसऱ्या दिवशी घट टोपलीत घालून मी घरोघर फिरले. पाच घरांतून कुणी बाहेरच आलं नाही, मी उंबऱ्यावर ठेवून आले. ज्या पदरानं मालकांचं तोंड पुसायची तोच पदर घेऊन मी साऱ्या गावात हिंडले. कुठल्या कुठल्या घरात मीच तो ताप पोचवला असेल, कुणास ठाऊक.

दसरा

तिसऱ्या माळेपासून दारात माणसं यायला लागली ती एकाच कामासाठी. प्रेतापुढं विस्तव न्यायचं मडकं. बाजारातून परत आलेली मडकी त्यातच संपली. सहाव्या माळेला आत्याबाई पडल्या. मी या अंथरुणावरून त्या अंथरुणावर. सगू कोपऱ्यात मातीचे गोळे करत बसायची, हाक मारली तरच यायची. कळती पोर होती.

दसऱ्याला चाकाची पूजा असते. मी झेंडूची दोन फुलं आणून चाकावर वाहिली. हात जोडते तोच गणपत माळी दारात आला. बायकोला गाडीत घालून ठेवलं होतं. खांदा द्यायला माणसं नव्हती.

"भागाबाई, मडकं दे."

"न्हाई राहिलं, दादा."

"फुटकं बी चालंल."

"फुटकं बी न्हाई."

तो ओरडला नाही. ओट्यावर बसला आणि हात गुडघ्यात धरून चाकाकडं बघत राहिला. तो ओरडला असता तर मी त्याला हाकलला असता.

मी आत गेले, मातीचा गोळा आणला आणि चाकावर बसले. काठीनं चाक फिरवलं. पाच-सहा वर्षं मी रोज बघत होते, पण बघणं वेगळं. पहिला गोळा उडून भिंतीला लागला, दुसरा बसला तो उठलाच नाही. आतून आत्याबाईंचा आवाज आला.

"भागे, चाक कसं वाजायलंय? किसन उठला का?"

"न्हाई, आत्याबाई."

"मग?"

मी काठी पुन्हा चाकात घातली. त्यांना कळलं. तापात त्यांना पाण्याचा घोट गिळवत नव्हता, पण त्या दिवशी त्यांनी मला आणि माझ्या माहेरच्या चार पिढ्यांना न थांबता शिव्या दिल्या. त्या शिव्यांतच तिसरं मडकं उभं राहिलं. एका अंगाला कललेलं.

"ओलं हाय दादा अजून."

"जाळाजवळच जायचंय त्याला," गणपत म्हणाला. "वाळंल."

जाताना त्यानं मुंडाशात खोचलेलं आपट्याचं पान काढलं आणि माझ्या चिखलाच्या हातावर ठेवलं. देण्यासारखं त्याच्याजवळ दुसरं काही नव्हतं. "सोनं घ्या," म्हणाला, सवयीनं, आणि ते आपल्या तोंडून काय निघालं म्हणून माझ्याकडं बघत राहिला.

त्यानंतर मी रोज चाकावर बसले. रोज कुणी ना कुणी येत होतं.

वाटी

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सगू तापली. चौथ्या दिवशी ताप उतरला, ती कोजागिरी होती. डोळे उघडून म्हणाली, "आई, दूध."

आमच्याकडं ना गाय ना शेळी. पलीकडच्या गल्लीत रहिमतबी राहायची, पिंजाऱ्याची बायको. तिच्याकडं एक शेळी. तिचा नवरा नवरात्रातच गेला होता. पोर तिला नव्हतं. कसं कळलं कोण जाणे, पण सगूचा ताप उतरल्याचं ऐकून ती ओढणीखाली वाटी झाकून आमच्या दारात आली.

"तेरी छोरी के वास्ते लाई. छोरीलाच पाज गं. रोज आणीन."

मी वाटी घेऊन आत वळले. आत्याबाईंचा ताप तोवर गेला होता. त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या.

"इकडं आण. किसनला पाज."

"आत्याबाई, सगूसाठी दिलंय तिनं."

"बस खाली," त्या म्हणाल्या. शिव्या नाहीत, आवाज चढवणं नाही. "किसन गेला तर तू पांढऱ्या कपाळाची. चाक बंद. मी म्हातारी. मग ही पोरगी काय खाणार हाय? पोरगी गेली तर पुन्हा व्हईल. तुझं वय काय? डोकं चालीव."

त्यांचं बोलणं खोटं नव्हतं. खोटं असतं तर मी त्यांच्या अंगावर धावून गेले असते. त्यांच्या बोलण्यात बसत नव्हती ती एकच गोष्ट, सगू ते ऐकत होती.

मी मालकांचं डोकं मांडीवर घेतलं आणि दूध पाजलं. सगूला ज्वारीच्या कण्यांची पेज दिली. तिनं तोंड फिरवलं.

असे दहा-अकरा दिवस. रोज सकाळी रहिमतबी यायची, रोज विचारायची, "पिली का छोरी?" आणि मी म्हणायची, "पिली." ती खूश होऊन जायची. मालकांच्या तोंडावर हळूहळू रंग यायला लागला. सगूचे हात काटक्यांसारखे झाले. वाटी तिच्या अंथरुणावरून पलीकडं जायची आणि तिची नजर वाटीबरोबर जायची.

एक दिवस तिनं रडायला सुरुवात केली ती थांबेचना. दूध, दूध, दूध. बाहेर दोन माणसं मडक्यासाठी उभी, आत मालकांना खोकल्याची उबळ, आत्याबाई म्हणतात पोरीला गप कर. मी तिच्या तोंडात मारली. चार वर्षांची, तापातून उठलेली पोर. सगळ्या बोटांचे वळ उठले.

त्यानंतर तिनं दूध मागितलं नाही.

कुसुम, तू राक्षसीण आहेस का म्हणून विचारत होतीस तेव्हा मला हे आठवत होतं, आणि उंबऱ्यावर बसून ते माझ्या तोंडून निघालं नाही.

वसुबारस

वसुबारसेला बायका गाय-वासराची पूजा करतात, लेकरांसाठी. त्या साली गावात गाईही थोड्या आणि पूजा करणाऱ्या बायकाही थोड्या. तरी सकाळी दोघी-तिघी ताटं घेऊन आमच्या दारावरून गेल्या. पूर्वी माझ्यासाठी थांबायच्या. आता चाकावर बसलेल्या बाईच्या दाराशी कुणी थांबत नव्हतं.

मी मालकांची पाठ पुसत होते. पाठीला जखमा झाल्या होत्या, त्यांना कोमट पाणी लागलं की ते कण्हायचे, म्हणून मी हळूहळू करत होते. आत्याबाई म्हणाल्या, "भागे, पोरगी बघ."

"बघते. एवढं होऊ द्या."

"भागे, बघ म्हणते ना."

मी फडकं पिळून ठेवलं आणि वळले. सगू भिंतीकडं तोंड करून होती. मी तिला उताणी केली. ती गेली होती. माझ्या पाठीमागं, हाताच्या अंतरावर, आणि मला कळलं नाही.

मी रडले नाही. तिचे पाय सरळ केले, परकर खाली ओढला. तेवढ्यात दारात रहिमतबी आली. वाटी घेऊन.

तिनं सगूकडं पाहिलं. वाटी खाली ठेवली आणि बसली. म्हणाली, "मैं तो रोज लाती थी." मग माझ्याकडं बघून, "रोज लाती थी ना मैं?"

मी मान खाली घातली. तिनं घरभर नजर फिरवली. मालकांच्या उशाशी कालची वाटी होती. तिचीच, मी धुवायची राहिलेली. तळाशी साय वाळलेली.

रहिमतबी उठली. आजची वाटी उचलली, कालचीही उचलली आणि निघून गेली. तिनं त्या दिवशी माझ्या थोबाडीत मारली असती तर मला सोपं गेलं असतं.

थोड्या वेळानं तिचा दीर कासम कुदळ घेऊन आला. तिनंच पाठवला होता. आम्ही माती आणतो त्या खाणीच्या वर, नदीच्या अंगाला, त्यानं खड्डा केला. बायका मसणात जात नाहीत, पण मी गेले. मला अडवायला रस्त्यावर कुणी नव्हतं.

लक्ष्मीपूजन

"लहान पोरीचं सुतक तीनच दिवस," आत्याबाईंनी सांगितलं. त्यांनी दिवस धरले होते. म्हणजे लक्ष्मीपूजनाला आम्ही मोकळे. त्या सकाळी त्यांनी स्वतः अंगण सारवलं.

दुपारी शेजारच्या गावाहून आमच्या भावकीतले दोघं म्हातारे आले. पाणी घेतलं नाही. थोरला मालकांच्या अंथरुणाशी बसला, माझ्याकडं न बघता बोलला.

"किसन, तुझ्या बायकोनं चाक फिरवलं म्हणं. त्ये बी दसऱ्याच्या दिवशी."

थोरल्यानं बोट चाकाकडं केलं.

"चाक बाटवलं म्हणून घरात मयत झाली. पोरगी त्यातच गेली. हिला माहेरी धाडून दे. चाक नवं कर. न्हाईतर जातीत पाणी बंद."

मी आत्याबाईंकडं पाहिलं. त्या सारवलेल्या जमिनीकडं बघत होत्या. निरोप कुणी धाडला होता ते मला तेव्हा कळलं. पोरीच्या मरणाला कारण हवं होतं आणि त्यांनी ते शोधून ठेवलं होतं.

मालक महिनाभरात सलग चार शब्द बोलले नव्हते. ते कोपरावर उठले.

"मी सांगितलं तिला."

"तू? तुला तर शुद्ध नव्हती म्हणत्यात."

"तेवढी हुती. मीच म्हणलं, गाव दारात आलंय, बस चाकावर. दंड काय असंल त्यो मला लावा. जातीला जेवण मी घालतो. ती माहेरी जायची न्हाई."

म्हातारे एकमेकांकडं बघत राहिले. आजाऱ्याशी कोण वाद घालणार. सुगी झाल्यावर जेवण घालायचं ठरवून ते उठले.

ते गेल्यावर आत्याबाई म्हणाल्या, "किसन, खोटं बोललास."

"हां," मालक म्हणाले, आणि भिंतीकडं तोंड करून पडले.

पाडवा

पाडव्याला बायको नवऱ्याला ओवाळते. आत्याबाईंनी सकाळीच ताट लावून ठेवलं. कुंकू, सुपारी, अक्षता, दिवा. म्हणाल्या, "ओवाळ त्याला. देवानं परत दिलाय."

मी मालकांना ऊन पाण्यानं न्हाऊ घातलं. हाताला नुसती हाडं लागत होती. पाटावर बसवलं तर ते एका अंगाला कलायला लागले, म्हणून पाठीशी धान्याची रिकामी कणगी लावली. आत्याबाई चुलीकडं भाकरी थापत होत्या. आम्ही दोघंच होतो.

"काल खोटं का बोललात?" मी विचारलं.

त्यांनी एकदा चुलीकडं बघितलं.

"शेळीच्या दुधाला वास येतो," ते म्हणाले. "पहिल्याच दिवशी आला. आपल्याकडं शेळी न्हाई. रहिमतबीचं बोलणं बी ऐकलतं मी. छोरीलाच पाज, म्हणलती."

मी ताटातला दिवा सरळ केला.

"तुमाला कळत हुतं?"

"सगळं कळत हुतं. आई काय म्हणली त्ये बी. पोरगी रडायची त्ये बी. रोज वाटायचं, आज भागी वाटी आणणार न्हाई. तू आणायचीस. मी प्यायचो." ते थांबले. "मला जगायचं हुतं, भागे. लई जगायचं हुतं."

ते माझ्याकडं बघत होते. मी शिव्या द्याव्यात, ताट फेकावं, असं काहीतरी त्यांना हवं होतं. ते मी त्यांना दिलं नाही. दया म्हणून नाही. माझ्याजवळ ते नव्हतंच. वाटी तर रोज माझ्याच हातात होती.

मी ओवाळलं. त्यांच्या ओल्या कपाळावर कुंकू टिकेना, ओघळून नाकावर आलं. ते मी पदरानं पुसलं आणि पुन्हा लावलं.

पुढं आम्ही तीस वर्षं संसार केला. तीन लेकरं झाली, तिन्ही जगली. आत्याबाईंचं शेवटचं दुखणं मीच काढलं, आणि नीट काढलं. मालक घरी नसले की मी चाकावर बसायची. ते आल्यावर ओळखायचे आणि काही म्हणायचे नाहीत. रहिमतबी मात्र पुन्हा कधी आमच्या घरी आली नाही. रस्त्यात भेटली तर बोलायची, पावसाचं, शेळीचं. सगूचं नाव तिनं घेतलं नाही, मीही घेतलं नाही. मालकांनी आणि मी त्या दुधाबद्दल पुन्हा एक अक्षर काढलं नाही. माफी कुणी मागितली नाही, कुणी दिली नाही. तरी एका ताटात जेवलो. तसंही जगता येतं, कुसुम. चांगलं जगता येतं असं मी म्हणत नाही.

त्या पाडव्याला ओवाळून झाल्यावर आत्याबाईंनी हाक मारली. ज्वारीची भाकरी, काशीफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची, भाजी आणि गुळाचा खडा. आम्ही तिघं जेवायला बसलो. मला वाटलं होतं, घास घशाखाली उतरणार नाही. पण पहिल्या घासाबरोबर मला जी भूक लागली, तशी आयुष्यात कधी लागली नव्हती. महिनाभर मी उभ्या उभ्या खाल्लं होतं, कुणाचं उरलेलं, कुणाचं सांडलेलं. मी एक भाकरी खाल्ली, दुसरी खाल्ली. पोरीला पुरून चार दिवस झाले होते आणि मला ती भाजी गोड लागत होती. मला लाज वाटत होती आणि मी खात होते. आत्याबाईंनी माझ्याकडं पाहिलं, तिसरी भाकरी माझ्या ताटात टाकली, आणि मी तीही खाल्ली.